नारळ फुटला तिथं वहिनी पडली नव्हती

मी चौथी पास, तीही कशीबशी. पण आयुष्यात कधी अंगठा लावला नाही, सही केली. त्याची मला घमेंड. त्या घमेंडीनंच माझ्या वहिनीचा घात केला.

कापडे गावाकडून आमच्या वाडीकडे येणाऱ्या रस्त्यावर तिला टेंपोनं उडवलं, भर दुपारी. डोक्यावर गवताचा भारा घेऊन ती गटाराच्या कडेनं मातीतून चालली होती. धडक मी बघितली नाही. बोंब ऐकून धावलो, तेव्हा ती गटारात पडलेली होती, मांडी मोडलेली. टेंपोच्या चाकांची रेघ डांबर सोडून मातीत उतरलेली होती. एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

तिला जीपमध्ये घालून महाडच्या दवाखान्यात पाठवली आणि मागं राहिलेल्यांनी आमच्या रीतीप्रमाणे सगळं केलं. माणसाचं रक्त वाटेवर ठेवायचं नाही, त्यावर कुणाचा पाय पडू नये. बायांनी चार हंडे पाणी ओतून जागा धुतली. त्यात चाकांची रेघही गेली. वहाणा कुणी घरी नेल्या, भारा गुरांपुढे टाकला. रस्त्याच्या पलीकडे राखणदाराचा दगड आहे, त्यावर नारळ फोडून गुलाल उधळला. पुण्य म्हणून केलं. पुरावा असा पुसला जातो हे वाडीत कुणाला ठाऊक होतं? पण ज्याला ठाऊक असायला हवं, तो तर पगार घेतो ना?

हवालदार आला तो फोनवर बोलतच. पंच म्हणून दोन माणसं पाहिजेत म्हणाला. सही येणारा मी पुढे झालो, दुसरा शेजारचा.

"आजोबा, इथं खाली सही करा. वरचं मी ठाण्यात बसून नीट लिहितो."

कागद कोरा होता. मी सही ठोकली. शेजाऱ्यानं माझं बघून ठोकली. हवालदारानं पलीकडचा गुलाल बघितला, पावलं मोजली, एक नकाशा काढला आणि गेला. बाई कुठं पडली, हे एका माणसालाही विचारलं नाही.

आठवड्यानं मुंबईहून पुतणी, वहिनीची लेक, आली. तिनं पंचनाम्याची प्रत मिळवली आणि दवाखान्यात खाटेशी बसून वाचली. 'सदर महिला वाहनाकडे न पाहता रस्ता ओलांडून पलीकडे गेली.' घटनास्थळ कुठलं, तर नारळ फुटला ते. आणि शेवटी, 'पंचांनी समक्ष पाहिले, वाचून दाखविले, बरोबर आहे.' खाली माझी सही.

वहिनीनं मान माझ्याकडे वळवली. "भावजी, मी कवा गेली वो पलीकडं? माझं काय काम व्हतं तिथं?"

"वैनी, कागद कोरा व्हता, वाचायला कायबी नव्हतं."

"मंग सही कशाला केलीत? उखाणा व्हता काय, कुनी आग्रह केला म्हनून घ्यायला?"

टेंपोवाला सुटायचा आणि ती आंधळ्यासारखी रस्त्यात घुसली असं कायमचं लिहिलेलं राहायचं. चाळीस वर्षं त्या कडेनं चाललेली बाई. मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या सकाळी पोलादपूरला ठाण्यात गेलो. टेबलावरचा अंमलदार म्हणाला, "पंचनामा बदलत नसतो, आजोबा. सही तुमची आहे."

"कोऱ्या कागदावर घेतली."

"असं बोलू नका, तुम्हीच अडकाल."

"अडकवा."

बाकावर बसवून ठेवलं. शेजारच्या टेबलावर एक पोलीस बाई कुणाची तरी फिर्याद लिहून घेत होती, चोरीची. किती वाजता पाहिलं, कुठून पाहिलं, ऐकलेलं सांगू नका, स्वतः बघितलेलं सांगा. खाडाखोड झाली तिथं सही घेतली. सगळं वाचून दाखवलं. खाली जागा उरली तिथं आडवी रेघ मारली, मागाहून कुणी काही घुसवू नये म्हणून. बघून माझं डोकं आणखी फिरलं. म्हणजे यांना येतं. येत नाही म्हणून चुकलं असतं, तर मी गप बसलो असतो.

त्याच बाईनं मला कागद दिला. "लेखी अर्ज द्या, आजोबा. तपास करणाऱ्या साहेबांपुढे जाईल."

मी माझ्या हातानं लिहिला. गटार, चाकांची रेघ, हंड्यांचं पाणी, पलीकडचा नारळ. शेवटी लिहिलं, मी कोऱ्या कागदावर सही केली, ही माझी चूक, आणि ती घेतली ही हवालदाराची.

अंमलदारानं वाचलं. "शेवटचं वाक्य खोडा, मग पोच देतो."

"नाय खोडणार."

"अहो, त्याला बायकापोरं आहेत."

"वैनीलाबी पोरं हायेत."

दुपार टळली तरी मी बाकावरून उठलो नाही. मग मोठे साहेब आले. उभ्यानं अर्ज वाचला, मला दोन प्रश्न विचारले आणि शिक्का मारायला सांगितला. जागेवर पुन्हा माणूस पाठवतो म्हणाले. पाठवतील की नाही देव जाणे, पण शिक्क्याची प्रत माझ्याजवळ होती.

ती मी वहिनीला वाचून दाखवली, बोट ठेवून, एकेक अक्षर. गटाराशी तिनं मला थांबवलं आणि ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "तुमचा येडेपना लिवलाय ना त्यात?"

"लिवलाय."

"तो बी वाचा."

मी वाचला.