डावा हात

मध्य प्रदेशातल्या सतवासच्या शाळेत जाण्यासाठी मी कन्नौदला बस बदलतो. तिथल्या चहाच्या टपरीवर एक गृहस्थ नेहमी दिसत. त्यांची जुनी, धडधडणारी, अवजड मोटारसायकल शेजारी उभी असे. त्याच कंपनीची गाडी रस्त्याने गेली की ते डावा हात उंचावत, आणि अनोळखी स्वारही हात उंचावून उत्तर देई. ही त्या स्वारांची आपसातली रीत आहे, हे मला पुष्कळ दिवसांनी उमगले.

या उन्हाळ्यात किक मारून मारून त्यांचा गुडघा थकला आणि ते हलकी, कमी पेट्रोल पिणारी गाडी घेऊन आले. निवड सर्वथा योग्य होती. हात मात्र पूर्वीसारखाच वर जाई. स्वार शेजारची गाडी पाहून सरळ निघून जात.

"भिया, अब किसको सलाम? तुम तो एवरेजवाले हो गये," टपरीवाला एकदा 'भैया'चे 'भिया' करणाऱ्या तिथल्या हिंदीत म्हणाला.

"घुटना तो मान गया, भिया," ते थकलेल्या स्वरात म्हणाले आणि माझ्याकडे वळून मराठीत बोलले, "हात अजून मानत नाही."

तेवढ्यात दुरून तीच ओळखीची धडधड ऐकू आली. त्यांनी चहाचा भरलेला ग्लास उजव्या हातातून डाव्या हातात घेतला आणि आवाज विरेपर्यंत तसाच धरून ठेवला.