आत्या लाइनवर आहे

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झाली, त्याच वर्षी तिच्या भाच्याने पदवी घेतली. म्हणजे घर एकच, त्यात एकीची नोकरी सुटलेली आणि एकाला लागत नाही. भाच्याला सगळे चिरंजीव म्हणत. आई लाडाने म्हणे, बाप दात-ओठ खाऊन. वर्ष उलटलं तसा बाप, म्हणजे आत्याचा दादा, त्याच्याशी बोलेनासाच झाला.

आत्याला हातावर हात धरून बसणं ठाऊक नव्हतं. तिने चिरंजीवांच्या कॉम्प्युटरचा ताबा घेतला आणि नोकरीच्या साइटी धुंडाळायला सुरुवात केली. नोकरीआधी पैसे मागणारी साइट दिसली की, "मेल्यांनो, मी काय कालची आहे का?" म्हणत ती तिथून बाहेर पडे. चांगल्याही सापडल्या हो! बायोडेटाचे नमुने, फुकटचे कोर्स, मुलाखतीत काय विचारतात त्याचे व्हिडिओ. स्वतः चाखल्याशिवाय लेकराला काही द्यायचं नाही हा तिचा नियम, म्हणून करिअरची चाचणी आधी तिनेच दिली. 'तुमच्यात नेतृत्वगुण आहेत' असा निकाल आला. तो तिने वहिनीला तीनदा वाचून दाखवला.

मग भाच्याचा बायोडेटा हातात घेतला.

"'मला टीममध्ये काम करायला आवडतं.' कुठली रे टीम? तू जेवणाचं ताटसुद्धा खोलीत नेतोस!"

ते वाक्य गेलं. एका साइटवर लिहिलं होतं, जाहिरातीत जे मागितलंय त्याबद्दलच लिहा, बाकी पाल्हाळ नको. आत्याला हे फार पटलं. (स्वतःच्या बोलण्याला तिने हा नियम कधी लावला नाही, ते सोडा.)

अर्ज गेले. आणि तिसऱ्या दिवशी आत्याला दिसलं की भाच्याची उशी थरथरतेय. उशीखाली फोन, आणि हा बाजूला बसून नुसता बघतोय.

"अरे, उचल की!"

"नाही जमत गं आत्या. वर्षभर अर्ज करतोय, फोनही येतात. समोरून हॅलो आलं की घसा कोरडा पडतो. शब्दच फुटत नाही."

म्हणजे फोन वर्षभर येत होते! बाप पोराला आळशी म्हणत होता आणि पोर कंपन्यांना उशीखाली दाबून भीतीने अर्धं होत होतं. पण नुसतं हळहळत बसेल तर ती आत्या कसली? तिने त्याला न विचारता सगळ्या साइटींवर त्याचा नंबर काढून स्वतःचा टाकला. फोन मी उचलणार आणि तुझ्या कानाला लावणार, पळशील कुठे?

पहिलाच फोन वाजला आणि तो बाथरूममध्ये पळाला.

फोन एका रक्ततपासणीच्या लॅबमधून होता. पेशंटशी फोनवर बोलायला माणूस हवं होतं. चिरंजीवांच्या खऱ्या नावावरून बाई की बाप्या ते कळत नसे, त्यामुळे पलीकडच्या मॅडमना काही खटकलं नाही. भाचा बाहेर येईपर्यंत लाइन धरून ठेवायची, एवढाच आत्याचा हेतू. आणि आत्या लाइन धरणार म्हणजे बोलणारच.

"रिपोर्ट मिळाला नाही म्हणून पेशंट ओरडतोय. काय कराल?"

"आधी पोटभर ओरडू देईन. मधे तोंड घातलं की माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो."

मॅडम हसल्या. आणखी बरंच विचारलं. आत्याला इतका रंग चढला की बाथरूमचं दार वाजवायचं राहूनच गेलं.

बऱ्याच वेळाने भाच्याने डोकं बाहेर काढलं. "काय झालं?"

"नोकरी लागली."

"मला?"

जन्मात पहिल्यांदा आत्या चाचरली. "तसं... सोमवारपासून मला बोलावलंय."

वहिनी हसून हसून भिंतीला टेकली. दादा मात्र भडकला, "अगं, ही फसवणूक झाली! आत्ताच्या आत्ता सांग त्यांना!"

आत्याने फोन घेतला, नंबर लावला, आणि काय मनात आलं कोण जाणे, भाच्यापुढे धरला. "घोळ मी घातला हे कबूल. पण नाव तुझं आहे बाबा. तूच सांग."

तो पांढराफटक पडला. पण फोन घेऊन खोलीत गेला आणि दार लावलं. तिघांचे कान दाराला.

"हॅलो."

आत्याचे ओठ आपोआप हलले, बोल ना रे राजा, बोल.

"मॅडम, मघाशी बोलली ती माझी आत्या. मी बाथरूममध्ये होतो. घाबरून."

पुढचं नीट ऐकू आलं नाही, पण शेवटी तो हसला एवढं नक्की. घामाघूम होऊन बाहेर आला.

"काय म्हणाल्या?"

"मला नाही घेणार. फोनच्या कामाला फोनला घाबरणारा कशाला हवा?"

"ते त्यांचं बरोबरच आहे म्हणा."

"पण त्यांनी विचारलं, आत्या येतील का? मी सांगितलं, येतील."

"मला न विचारता?" आत्या कडाडली. आणि आपण काय बोललो ते कानावर पडताच तिने जीभ चावली.

दादाने खुर्ची पुढे ओढली. "बस," तो पोराला म्हणाला. "आधी पाणी पी."

पाणी पिऊन चिरंजीव उठले, कॉम्प्युटरपुढे बसले आणि एकेका साइटवरून आत्याचा नंबर काढून स्वतःचा घालू लागले.

"अरे, पुन्हा आला फोन तर?"

"तू कामावर असशील ना," तो मान न वळवता म्हणाला. "मलाच घ्यावा लागेल."