मधलं भोक बुजेना

आमच्या लॅबमध्ये रीडिंगं कमी आणि किस्से जास्त जमतात. नगरच्या एका कॉलेजात मी प्रकाशावर पीएचडी करतेय, आणि खरं सांगू का, डोक्यात अजून अंधारच आहे!

काम सांगायला सोपं. लेसरच्या लाटा एका तालात चालतात. त्यांच्या थरथरण्याची दिशा ठरावीक तऱ्हेने वळवून किरण भिंगाने एकवटला, की डाग पडतो मेदुवड्यासारखा, मधे भोक! मग वाटेत मोटरवर फिरणारी दुधी काच ठेवायची. ताल अर्धवट बिघडतो आणि भोक बुजतं. माझं काही केल्या बुजत नव्हतं. आणि ते बुजल्याशिवाय प्रबंध सादर करायचा नाही, असं माझ्या गाइड सरांनी बजावलेलं.

*

जामखेडहून आबांचा फोन आला. म्हटलं, "आबा, हा प्रकाश अर्धाच तालात असतो."

"आगं, उजेड म्हंजी उजेड! अर्धा शहाना नि अर्धा येडा असतो व्हय?"

"तेच तर मोजतेय!"

"लई अवघड हाय," म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला. तिने जेवलीस का विचारलं.

*

सर सावेडीहून स्कूटरवर येतात, डोळ्यांवर पोलरॉइड गॉगल. एकदा तसेच आत शिरले, मान तिरकी करून लॅपटॉपमध्ये पाहिलं आणि ओरडले, "स्क्रीन गेली! काय केलंस?" मान सरळ केली. "आली!" पुन्हा तिरकी. "गेली!"

ध्रुवीकरण, म्हणजे असा गॉगल तिरका झाला की स्क्रीन काळी का दिसते ते, शिकवण्यात ज्यांची हयात गेली, ते सर मला चार्जर बदलायला सांगत होते. गॉगल काढा म्हणायची माझी काय हिंमत!

*

आमचे लॅब अटेंडंट साळवे मामा भिंगारचे. तिकडे लष्कराचा सराव असला की आमचं टेबल हादरतं. मामा आल्या आल्या सांगतात, "ताई, आज तोफा हायेत. रीडिंग घिऊ नगा."

एकदा तोफा नव्हत्या, तरी डाग नाचला. मामांना विचारलं, तर म्हणाले, "मग काय म्हाईत न्हाई बुवा." मलाही नाही.

*

शेवटी परीक्षक डेमो पाहायला आले. आज भोक दिसलं तर माझं आणखी एक वर्ष गेलंच! सरांनी मामांना चहाचं सांगितलं. मी मोटर लावली, काच फिरू लागली. कॅमेऱ्यातून लॅपटॉपवर उमटला तो मेदुवडाच. मी डोळे गच्च मिटून घेतले.

उघडले तर भोक बुजलेलं!

"वा! करा प्रबंध सादर," परीक्षक म्हणाले. मला तर रडूच आलं. ते पुढे म्हणाले, "आता मोटर बंद करा. भोक परत येताना बघू."

मी स्विचकडे वळले, तोच मामा म्हणाले, "ती कवाच बंद हाय की! पाव्हन्यांच्या चहाला तिचा पलग काढून तिथंच करंटची किटली लावलीया."

काच खरंच थांबलेली होती. भोक बुजलेलंच.

परीक्षकांनी काचेकडे पाहिलं, किटलीकडे पाहिलं, मग सरांकडे. "मग हे कसं झालं?"

सरांनी घसा खाकरला. "ते हिच्या दुसऱ्या पीएचडीत येईल!"