सगळ्या अपवादांना एकच दरवाजा

हे सांगायचं मी अनेक वर्षं टाळलं. कर्नल म्हणजे काय हे समजावण्यातच ऐकणारा जांभई देतो, अशी सबब मी स्वतःला देत आलो. आता त्या सबबीचाही वैताग आला आहे.

जळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी संगणक विभागाचा प्रमुख होतो. सावद्याच्या एक मॅडम आमच्याकडे कंत्राटी शिकवायच्या. मुलांना ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजेच कर्नल, आतून दिसावा म्हणून त्यांनी स्वतः एक छोटा कर्नल लिहिला होता. तो आभासी मशीनमध्ये चालायचा, म्हणजे खऱ्या संगणकाच्या पडद्यावर एका चौकटीत दुसरा, सोंगाचा संगणक. आतला कोसळला तरी बाहेरच्याला ओरखडा नाही. या कर्नलवर नवं प्रात्यक्षिक सुरू व्हायचं होतं आणि त्याच्याच जोरावर मॅडमना कायम करायचं घाटत होतं. समिती येऊन बघणार होती.

प्रोसेसरला एखादी सूचना पार पाडता आली नाही की तो हातातलं काम थांबवून कर्नलला हाक मारतो. याला अपवाद म्हणतात. हाक मारण्याआधी परतीचा पत्ता तो स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या चळतीवर ठेवतो. काही अपवादांत त्या पत्त्याच्याही वर आणखी एक आकडा ठेवतो, काहींत ठेवत नाही. सगळी भानगड इथे आहे.

मॅडमनी प्रत्येक अपवादासाठी वेगळा कोड लिहिला होता. तो पाहून माझं डोकं फिरलं.

“मॅडम, हे काय भुसावळ जंक्शन आहे? इतके फलाट कशाला? सगळ्या अपवादांना एकच दरवाजा ठेवा.”

“सर, पेज फॉल्टच्या अपवादाला जास्तीचा आकडा येतो. परतताना तो उचलून टाकला नाही, तर प्रोसेसर त्यालाच पत्ता समजेल.”

“फळ्यावर मावेल एवढा कोड हवा. मी जन्मभर हेच शिकवतोय.”

“बरं, सर.”

त्यांनी कोड बदलला. मी ब्रेकपॉइंट, म्हणजे मुद्दाम घातलेला थांबा, टाकून पाहिला. ‘अपवाद आला’ अशी ओळ उमटली आणि कर्नल पुढे चालू लागला. “बघा!” मी म्हणालो. ब्रेकपॉइंटला जास्तीचा आकडा येतच नाही, हे मी विसरलो होतो. दुसरा अपवाद तपासायची गरज मला वाटली नाही.

समिती आली ती ऐन उन्हाळ्यात. लॅबचा एसी नेहमीप्रमाणे नुसता घरघरत होता. ब्रेकपॉइंट चालला, माना डोलल्या. मग बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, “आता मेमरीतल्या न जोडलेल्या पानाला हात लावा. पेज फॉल्ट दाखवा.”

मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कळ दाबली.

‘अपवाद आला’, ‘अपवाद आला’, ओळींनी चौकट भरली, काळी झाली, आणि आतला संगणक पहिल्यापासून सुरू झाला. पुन्हा तेच. पुन्हा तेच. अपवाद हाताळणारा कोडच चुकीच्या पत्त्यावर जाऊन नवा अपवाद करत होता, तो हाताळताना आणखी एक. शेवटी स्टॅक संपला, प्रोसेसरने हात टेकले की बाहेरचं सॉफ्टवेअर मुकाट्याने सगळं नव्याने सुरू करायचं. काय बिघडलं ते सांगायची तसदी कोणी घेत नव्हतं.

लॅबचा शिपाई मागून म्हणाला, “सर, बठ्ठं परत चालू व्हयनं ना? मंग बिघाड कोठे शे?”

सगळे हसले. मला मात्र बिघाड कुठे आहे ते त्याच क्षणी कळलं होतं.

परीक्षकांनी मला विचारलं, “हे काय, सर?”

मी म्हणालो, “मॅडमची जरा घाई झाली. मी सांगितलं होतं, सगळं तपासून घ्या.”

मॅडम चौकटीकडेच बघत होत्या. म्हणाल्या, “हो. घाई झाली माझी.”

प्रात्यक्षिक नामंजूर झालं आणि जूनमध्ये त्यांची नेमणूकही पुढे चालू ठेवली गेली नाही. त्या धुळ्याला गेल्या. पुष्कळ दिवस मी त्यांच्यावरच चिडत राहिलो. तिथल्या तिथे खरं बोलायला काय झालं होतं? पण त्यांच्या नेमणुकीची शिफारस मी करायचो. त्या काय बोलणार होत्या?

मागच्या हिवाळ्यात मी मुद्दाम धुळ्याला गेलो. बस एरंडोलला उगाच थांबली, पारोळ्याला बंद पडली. दुसरी येईपर्यंत मी उन्हात उभा राहून मनातलं वाक्य घोकत होतो. मॅडम तिथल्या एका महाविद्यालयात शिकवत होत्या. “हे माझे सर,” अशी त्यांनी वर्गाला ओळख करून दिली आणि तोच कर्नल चालू केला. पेज फॉल्ट आला, एक ओळ उमटली, कर्नल पुढे गेला.

“सर, शेवटी फलाट वाढवलेच,” त्या हसून म्हणाल्या.

“छान झालंय,” मी म्हणालो. एवढंच.

त्या स्कूटरवरून मला बसस्टँडवर सोडायला आल्या. वाटेत खायला केळीच्या वेफर्सचं पाकीट हातात दिलं. बस लागली होती.

“मॅडम…”

“काय, सर?”

“पाणी मिळेल का?”

त्यांनी धावत जाऊन बाटली आणली. बस सुटली.

मॅडम, घाई तुमची नव्हती. एकच दरवाजा ठेवा, असं मी सांगितलं होतं, आणि तिथे उभा राहून मी खोटं बोललो. मला माफ करा.