बारशाआधीचं नाव

इंग्लंडातल्या आमच्या घरामागच्या शेतात एक आजोबा अल्पाका पाळतात. उंच मानेची, लोकरीची, शिष्ट चेहऱ्याची जनावरं. आजोबा निवृत्त पोस्टमन, बोलण्यात महाकंजूष. बेसिंगस्टोकच्या ऑफिसात आठवडाभर डोकेफोड करून झाली की शनिवारी मी त्यांच्याकडे लेंड्या गोळा करायला जाते. नवरा म्हणतो, पुण्यात आईने सांगितलं असतं तर केलं असतंस का? नसतं केलं.

गेल्या मे महिन्यात एक पिल्लू दिवस भरायच्या आतच जन्मलं. कान लोंबलेले, पायांत जोर नाही. आजोबांनी टॉवेलने पुसता पुसताच त्याचं नाव ठेवलं. मला रागच आला.

"एवढ्यात नाव कशाला? आमच्याकडे बारा दिवस थांबतात."

"मग तोवर हाक काय मारता?"

माझी मुलगी नऊ दिवस जगली होती. तिच्या पायातल्या हॉस्पिटलच्या पट्टीवर 'बेबी' आणि आमचं आडनाव, एवढंच. नाव मी मनात पक्कं केलं होतं, पण बारशालाच सांगायचं म्हणून नवऱ्यालाही कळू दिलं नव्हतं. नंतर सांगायचा धीर झाला नाही.

पिल्लू चहाच्या वेळेला गेलं. मी ते घाईघाईने झाकायला निघाले, तर आजोबांनी मला थांबवलं. "राहू दे. तिचं होऊ दे." आई त्याला हुंगत, बारीक आवाजात गुणगुणत बराच वेळ उभी राहिली आणि मग आपणहून चरायला गेली. आजोबा तोवर कुंपणापाशी उभेच होते.

इथे मेलेलं जनावर शेतात पुरता येत नाही, न्यायला गाडी येते. चालकाच्या कागदावर 'अल्पाका, एक' एवढंच होतं. आजोबांनी त्याला पिल्लाचं नाव सांगितलं. हा माणूस मला त्या दिवशी फार मोठा वाटला.

जूनमध्ये दुसरी मादी व्याली. पिल्लू पुन्हा कच्चंच. आजोबा त्याला बाटलीने चीक पाजत होते. डोळे लाल झाले होते, हात मात्र स्थिर.

"या वेळी नाव तू ठेव," ते म्हणाले.

बारा दिवस थांबू या, असं अगदी ओठांवर आलं होतं. पिल्लू धापा टाकत होतं. ना पाळणा, ना आत्या. मी वाकले आणि माझ्या मुलीचं नाव त्याच्या कानात सांगितलं. मग आजोबांना, मोठ्याने.

ते रविवारी दुपारी गेलं. सोमवारी मी सुट्टी टाकली. गाडी आली, आजोबांनी नाव सांगितलं. चालकाला ते नीट म्हणता येईना. त्याने मला पुन्हा विचारलं आणि जमेपर्यंत तीनदा म्हणून पाहिलं.

दोन परक्या माणसांच्या तोंडी माझ्या लेकीचं नाव होतं आणि तिच्या बापाला ते ठाऊक नव्हतं. मी घरी गेले आणि त्याला सांगितलं.