अण्णांच्या खोलीत कोण गातंय

अण्णा, म्हणजे माझे वडील, जाऊन बरीच वर्षं झाली, आणि गेल्या मंगळवारी भर दुपारी ते आपल्या खोलीत गाणी ऐकत बसले होते. असं माझी बायको नीता म्हणाली, आणि ती सहसा काही वाढवून सांगत नाही.

अण्णांना नाट्यसंगीताचं वेड. मुलुंड स्टेशनजवळच्या कॅसेटच्या दुकानात दुकानदार नमुन्यादाखल दोन ओळी वाजवायचा. अण्णा त्याला कॅसेटची अख्खी बाजू वाजवायला लावायचे आणि 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणून निघायचे. तरीही त्यांचं कपाट कॅसेटींनी गच्च भरलं होतं. मागच्या महिन्यात त्या सगळ्या मी भंगारवाल्याला दिल्या. आता मोबाइलवर वर्षाची वर्गणी भरली की जगातलं सगळं संगीत आपलं. (वर्गणी थांबली की एकही गाणं आपलं नाही, पण ते असो.)

वर्गणीबरोबर वाटीएवढा एक स्पीकर फुकट आला. रविवारी नीता आणि आई नाहूरला लग्नाला गेल्या होत्या, तेव्हा माझ्या लेकीने, ऋचाने, तो अण्णांच्या रिकाम्या कपाटावर ठेवून घरच्या वायफायवरून माझ्या मोबाइलला जोडून दिला. मी दोन पदं ऐकली आणि तो स्पीकर साफ विसरलो.

मंगळवारी पवईच्या ऑफिसात डबा खाल्ला, कानात इअरफोन घातले आणि अण्णांच्या आवडीचं एक पद लावलं. काही ऐकू येईना. आवाज वाढवला. तरी शांतता. अगदी शेवटपर्यंत वाढवला. तेवढ्यात नीताचा फोन आला. मी गाणं बंद करून तो घेतला.

"मिलिंद, घरात कोणीतरी आहे," ती कुजबुजली. "अण्णांच्या खोलीत. गातंय."

"कोण गातंय?"

"पुरुष आहे. दार बंद आहे रे. आधी हळू गात होता, मग एकदम जोरात... थांब. आता गप्प झाला."

"शेजारी सामंतांचा टीव्ही असेल." ऑफिसात बसून धीट बोलता येतं.

फोन ठेवला. मन शांत करायला पुन्हा गाणं लावलं. इअरफोन मुकेच. लगेच नीताचा फोन. गाणं बंद केलं.

"पुन्हा सुरू झालं होतं. मी तुला फोन लावला की थांबतं. त्याला कळतंय, मिलिंद."

मागून आई म्हणाली, "त्याला सांग, हे आलेत. कॅसेटी शोधताहेत."

मग माझाही धीर सुटला. साहेबांना म्हणालो, "घरी वडिलांचा जरा प्रॉब्लेम झालाय." (साहेब अण्णांच्या तेराव्याला आले होते.) रिक्षात घाबरून दुसरं पद लावलं, तिसरं लावलं, इअरफोनला शिव्या घातल्या आणि मोबाइल तसाच खिशात टाकला.

घरी पोचलो तर नीता जिन्यात अनवाणी उभी, आई हात जोडून, आणि सामंतकाका नातवाची बॅट घेऊन सगळ्यांच्या पुढे. आतून तान येत होती. चढतच होती.

"मिलिंदा, आधी नारळ ठेव, मगे दार उघड," सामंतकाका म्हणाले. बॅट माझ्या हातात देऊन ते सगळ्यांच्या मागे गेले.

मी खोलीचं दार ढकललं. पडदे ओढलेले. खुर्ची रिकामी. कोणीही नाही, आणि आवाज मात्र डोक्यावरून येत होता. तेवढ्यात पद संपलं. ती शांतता गाण्यापेक्षा भयंकर होती.

"अण्णा," माझा आवाज चौथीतल्या पोरासारखा निघाला, "काही हवंय का तुम्हाला?"

"माफ़ कीजिए," एक बाई अत्यंत गोड आवाजात म्हणाली, "मैं समझ नहीं पाई."

बॅट कुठे पडली आठवत नाही. मी जिन्यात आलो तेव्हा सामंतकाका खालच्या मजल्यावर पोचले होते. आई मात्र जागची हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर आता भीतीचा मागमूस नव्हता.

"आत बाई कोण आहे?"

"आई, आत जाऊ नका," नीता म्हणाली.

"सोड मला. जन्मभर माझ्याशी धड दोन शब्द बोलले नाहीत, आणि आता हिंदीत गप्पा?" पदर खोचून आई आत शिरली.

ऋचा कॉलेजातून आली तेव्हा तिची आजी कपाटाला जाब विचारत होती आणि मी दाराआडून पाहत होतो. तिने सगळं ऐकून घेतलं, माझ्या खिशातून मोबाइल काढला आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली.

"बाबा, दुपारभर तूच पवईतून या स्पीकरवर गाणी लावतोयस. आणि ती बाई म्हणजे हा स्पीकरच, 'अण्णा' ऐकून त्याला वाटलं आपल्यालाच हाक मारली."

नीता त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आई आता रोज दुपारी त्या खोलीत पदं ऐकत बसते, आणि सामंतकाकाही खुर्ची घेऊन येतात. कोणीच घाबरत नाही. मीही नाही. फक्त आत जाण्याआधी मी दारावर टकटक करतो आणि जरा थांबतो. कोणी विचारलंच तर सांगतो, आत बाईमाणूस आहे, एकदम शिरणं बरं दिसत नाही.