थोडं लागलंय

पुण्याहून बंगलोरला गेले तेव्हा नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर कसं वापरायचं याच्या पुस्तिका लिहायची मला नोकरी होती. ‘डाउनप्ले’ हे क्रियापद मी तिथेच शिकले. एखादी गोष्ट आहे त्यापेक्षा लहान करून सांगायची. लपवायची नाही, आणि धडधडीत खोटंही बोलायचं नाही. सॉफ्टवेअर मधेच बंद पडत असेल, तर ‘क्वचित पुन्हा सुरू करावे लागते’ असं लिहायचं. आमचे साहेब मसुद्याच्या समासात लाल पेनाने ‘डाउनप्ले’ एवढा एकच शब्द लिहीत. मला ते काम चांगलं जमायचं.

बनशंकरीत मी आणि ऑफिसमधलीच एक मैत्रीण भाड्याने राहायचो. ती नागपूरची, आईवडिलांची एकुलती एक. खाली घरमालकीण राहायची. तिचं घराणं कित्येक पिढ्या तिथलंच, मराठीत निम्मं कन्नड. सगळे तिला अक्का म्हणत. मैत्रीण तिच्या बोलण्याची हुबेहूब नक्कल करायची, आणि त्यावर सगळ्यात जास्त अक्काच हसायची.

एका सकाळी होसूर रोडवर बसमधून उतरून मैत्रीण रस्ता ओलांडत होती. मी अजून बसच्या पायरीवर होते. लॉरी आली. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती.

नागपूरला कळवायचं मराठीत, म्हणजे मीच. साहेब दवाखान्याच्या आवारात रुमालाने चष्मा पुसत होते. हलक्या आवाजात म्हणाले, ‘‘डाउनप्ले इट. त्यांना एवढा लांबचा प्रवास करायचाय.’’ अक्काही धावत आली होती. तिनेही तेच सांगितलं, ‘‘आत्ताच नको गं सांगू. स्वल्प लागलंय म्हण. इथं आल्यावर बघू.’’

एसटीडी बूथमधून नागपूरला तिच्या शेजाऱ्यांच्या घरी फोन लावला. त्यांनी तिच्या वडिलांना बोलावून आणलं.

‘‘काका, तिला थोडं लागलंय. दवाखान्यात आहे. तुम्ही दोघंही या.’’

‘‘बोलते का ती?’’

‘‘आत्ता नाही बोलू शकत.’’

मग ते म्हणाले, ‘‘निघतो.’’ कुठे लागलंय, कसं लागलंय, काही विचारलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

मद्रासला गाडी बदलून ते बंगलोरच्या अलीकडे के. आर. पुरमला उतरले. मी आणि अक्का घ्यायला गेलो होतो. काकू थकलेल्या होत्या, पण घाबरलेल्या नव्हत्या. अक्काने त्यांना बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. काका मला चार पावलं बाजूला घेऊन गेले.

‘‘गेली ना?’’

मी मान हलवली.

‘‘फोनवरच समजलं होतं. थोडं लागलं असतं तर दोघांना कशाला बोलावलं असतंस?’’ ते रुळांकडे बघत होते. ‘‘हिला सांगत आलो, पाय मोडला असेल, प्लास्टर घालतील, महिनाभर घरी नेऊ. दीड दिवस हेच बोलत होतो. नाहीतर इथवर आणता आलं नसतं.’’

मग ते बाकापाशी गेले, काकूंच्या शेजारी बसले आणि त्यांनी सांगितलं. मला शब्द ऐकू आले नाहीत. काकूंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘‘अगं, तू तर थोडं म्हणाली होतीस,’’ एवढंच म्हणाल्या. त्यांचा आवाज तक्रारीचाही नव्हता. अक्काने त्यांना धरलं, तशा त्या अंग टाकून तिच्यावर कोसळल्या.

त्याच दुपारी बंगलोरमध्येच अंत्यसंस्कार झाले. काका शेवटपर्यंत उभे होते, सगळ्यांना ‘बसा, बसा’ म्हणत होते. दुसऱ्या दिवशी तिची बॅग घेऊन दोघं परत गेले.

मी काम करत राहिले. साहेब समासात तो शब्द लिहीत राहिले. मीही वाक्यं बारीक करत राहिले, पण आता एकेका वाक्याला फार वेळ लागायचा. वर्षभराने मी नोकरी सोडली. पुण्याला परतण्याआधी नागपूरला गेले.

काका बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. दोघांमध्ये फारसं बोलणं उरलेलं नाही, हे आल्याआल्याच लक्षात आलं होतं. कामापुरते शब्द, तेही माझ्यामार्फत. मी काही विचारलं नव्हतं, तरी काकू कणीक मळता मळता बोलायला लागल्या.

‘‘हे म्हणतात, तुझ्यासाठीच सांगितलं नाही. असेल. पण मी गाडीत जेवले गं. पोटभर जेवले. विजयवाड्याला केळी घेतली, समोरच्या बाईशी गप्पा मारल्या, झोपसुद्धा लागली मला. माझी पोर तिकडे तशी, आणि मी झोपले.’’

मी म्हटलं, ‘‘तुम्हाला माहीत नव्हतं, काकू.’’

‘‘तेच ना,’’ त्या म्हणाल्या. ‘‘यांना माहीत होतं. आणि हे मला जेव म्हणत होते.’’

बाहेरून काकांनी पाणी मागितलं. काकूंनी पिठाच्या हातानेच पेला भरला आणि माझ्याकडे दिला.